राख आधी नव्हे, चुना आधी

परतीचा पाऊस ओसरला की सोलापुरात दरवर्षी तोच वाद पेटतो. उन्हाळ्यात केलेला रस्ता दिवाळीपर्यंत खचलेला असतो. कडेने लांबच लांब भेग गेलेली, मध्येच उंचवटा, चाकोरीत साचलेलं पाणी. मग एकजण म्हणतो, ठेकेदाराने पैसे खाल्ले. दुसरा म्हणतो, काळ्या मातीपुढे कुणाचं चालतं, सगळीकडे काँक्रीट करा. गेल्या काही वर्षांत तिसरा पक्षही बोलू लागला आहे आणि त्याचं म्हणणं कानाला सर्वांत गोड लागतं: साखर कारखान्यांची राख ढिगाने पडून आहे, ती मातीत मिसळा, कचराही उचलला जाईल, रस्ताही पक्का होईल. तिघेही तावातावाने बोलतात, पण ज्या मातीवर रस्ता उभा राहायचा तिचं नाव तिघांच्याही बोलण्यात ओझरतंच येतं.

माझी भूमिका आधीच सांगतो. फुगणाऱ्या काळ्या मातीवर इलाज आहे आणि तो चुना आहे. बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, राख चुन्याच्या जोडीला येऊ शकते, त्याच्या जागी नाही. आणि माती, राख, पाणी यांची तपासणी न करता यातलं काहीही वापरणं म्हणजे नाडी न बघता औषध देणं. माझी सगळी नोकरी माती तपासण्यात गेली. या जिल्ह्यातल्या मातीचे नमुने मी हाताने चाळले आहेत, म्हणून हे इतक्या ठामपणे लिहितो आहे.

एक साधी तपासणी सांगतो, शाळेतल्या मुलालाही कळेल अशी. शंभर मिलिलिटरचे दोन काचेचे नळे घ्यायचे. वाळवून ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळलेली काळी माती दोन्हींत दहा-दहा ग्रॅम टाकायची. एका नळ्यात रॉकेल भरायचं, दुसऱ्यात शुद्ध पाणी. काचेच्या कांडीने ढवळून हवेचे बुडबुडे काढायचे आणि एक दिवस हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी रॉकेलमधली माती तळाशी गप्प बसलेली असते. पाण्यातली मात्र तिच्या दीडपट, कधी दुपटीपर्यंत चढलेली दिसते. माती तीच, वजन तेच. हा जो फरक काचेवर बोटाने दाखवता येतो, तोच पावसाळ्यात तुमच्या आमच्या रस्त्याखाली घडतो. याला मुक्त फुगवटा म्हणतात आणि तो ५० टक्क्यांच्या पुढे गेला की रस्ता आखणाऱ्याने सावध व्हायला हवं. भीमा आणि सीनेच्या काठच्या खोल जमिनीत तो सर्रास पुढे जातो.

असं का होतं? बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण, झिजून जी माती झाली तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर आहे. त्याचे कण म्हणजे अतिशय पातळ पापुद्र्यांची चवड. पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की चवड सुटते आणि फुगते, पाणी गेलं की आवळते. सोलापूरचा पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बराचसा पावसाळ्याच्या शेवटच्या दोन महिन्यांत. आणि उन्हाळा त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांचा. म्हणजे या मातीला सर्वांत जास्त छळणारं हवामान नेमकं आपल्याकडे आहे. एप्रिलमध्ये रानातल्या भेगेत मनगटापर्यंत हात जातो. तीच माती सप्टेंबरमध्ये बैलाच्या खुराला सोडत नाही.

पण ती माती वाईट आहे असं मी म्हणणार नाही. मालदांडी ज्वारी याच मातीत साठलेल्या ओलीवर पिकते. मातीच्या धरणांचा पाणी न झिरपणारा गाभा अशाच काळ्या चिकणमातीचा करतात आणि तिथे ती वर्षानुवर्षं इमानाने काम करते, कारण तिथली ओल बदलत नाही. त्रास ओलीच्या चढउताराचा आहे. आपल्या पूर्वजांना हे खनिजशास्त्राविना माहीत होतं. जुन्या गावांची भाषाच बघा: शेत ती ‘काळी’ आणि वस्ती ती ‘पांढरी’. काळीत पेरायचं, पांढरीवर घर बांधायचं. गाडीवाटही जमेल तिथे माळाच्या मुरमाडावरून काढायची. आज आपल्याला तो पर्याय उरलेला नाही. रस्ता शेताच्या बांधापर्यंत जायला हवा, ऊस आणि डाळिंब बाहेर निघायला हवं. काळीवरूनच जायचं आहे, तर काळीचा स्वभाव रस्त्यापुरता बदलावा लागेल.

तो चुना बदलतो, आणि दोन टप्प्यांत बदलतो. पहिला टप्पा काही तासांचा. चुन्यातलं कॅल्शियम पापुद्र्यांवर चिकटून बसलेल्या सोडियमसारख्या घटकांना हटवतं, कण एकमेकांना धरतात आणि फावड्याला लोण्यासारखी चिकटणारी माती दुसऱ्या दिवशी भरड रव्यासारखी हातातून सुटते. ज्याने हे एकदा चिमटीत धरून पाहिलं त्याला पुढचं पटवावं लागत नाही. दुसरा टप्पा संथ, आठवड्यांचा आणि महिन्यांचा. चुन्यामुळे मातीचा सामू (पीएच) १२.४ च्या आसपास गेला की मातीतली सिलिका आणि अ‍ॅल्युमिना विरघळू लागतात, चुन्याशी संयोग पावतात आणि सिमेंटमध्ये तयार होतो तसाच बांधणारा पदार्थ तयार होतो. अमेरिकेत टेक्सासच्या चिकणमातीवर १९४० च्या दशकापासून हे चालू आहे. आपल्याकडे रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसने माती-चुना मिश्रणासाठी स्वतंत्र मार्गदर्शिका काढलेली आहे, आयआरसी ५१. म्हणजे प्रयोग करून बघू अशी ही गोष्ट नाही. पुस्तक कपाटात आहे, फक्त उघडलं जात नाही.

आता राखेकडे येतो. राखवाल्यांचं म्हणणं निराधार नाही. बगॅसच्या राखेत सिलिका भरपूर असते आणि ती नीट जळालेली असेल तर चुन्याशी छान संयोग पावते. पण ‘चुन्याशी’ हा शब्द या सगळ्या उत्साहात गळून पडतो. राखेत स्वतःचा चुना फारच थोडा. नुसती राख काळ्या मातीत मिसळली तर चिकणमातीचं प्रमाण तेवढं कमी होतं, फुगवटा थोडा उतरतो, आणि तिथेच गोष्ट थांबते. आपल्या जुन्या गवंड्यांना हे हिशेब पाठ होते. वाड्याच्या बांधकामात विटांची भुकटी, म्हणजे सुर्खी, चुन्याच्या घाण्यात चुन्याबरोबर दळत. सुर्खीमुळे चुना पाण्यातही धरतो. पण नुसत्या सुर्खीने कुणी भिंत बांधली आहे का? १९२६ साली पूर्ण झालेलं भंडारदऱ्याचं धरण दगड-चुन्यात उभं आहे. राख ही आजची सुर्खी आहे. घाण्यात चुनाच नसेल तर ती भुकटीच राहणार.

शिवाय ‘राख’ हे एका वस्तूचं नाव नाही. बगॅस फार तापमानाला जळला तर राखेतली सिलिका स्फटिकरूप होऊन आळशी बनते. कमी जळला तर कोळसा उरतो, तो पाणी पितो आणि कामाला येत नाही. एकाच कारखान्याची गळिताच्या सुरुवातीची आणि शेवटची राख सारखी असेलच असं नाही. ओल्या ढिगावर पावसाळा काढलेली राख तर वेगळीच. फताटेवाडीच्या औष्णिक वीज केंद्राची उडती राख निदान एका ठराविक प्रक्रियेतून येते. कारखान्याच्या बॉयलरची राख प्रत्येक वेळी पुन्हा तपासावी लागते. ही तपासणी न करता ‘दहा टक्के राख टाका’ असं सांगणारा माणूस कितीही तळमळीचा असला तरी गावाचं नुकसान करतो.

राख किती मिळेल तेही बघू. एक लाख टन ऊस गाळला की अठ्ठावीस-तीस हजार टन बगॅस निघतो आणि तो सगळा जाळला तरी सातशे टनांच्या आसपास राख हाती येते. पावणेचार मीटर रुंद, एक किलोमीटर लांब रस्त्याखालची तीस सेंटिमीटर माती सुधारायची तर ती भरते सुमारे सतराशे टन. तिच्यात पाच टक्के चुना म्हणजे पंच्याऐंशी टन, आणि दहा टक्के राख म्हणजे एकशे सत्तर टन. लाख टन उसामागे चारेक किलोमीटरचा रस्ता. पाच लाख टन गाळणारा कारखाना हंगामाला वीस किलोमीटरला पुरेल एवढी राख देईल. जिल्ह्यात तीसहून अधिक कारखाने आहेत, म्हणजे आकडा नगण्य नाही, पण डोंगराएवढाही नाही. उलट हीच तीस सेंटिमीटर माती काढून मुरूम भरायचा तर दर किलोमीटरला चारशे ब्रास मुरूम लागतो, आणि उपसलेली तेवढीच काळी माती कुठे टाकायची हा प्रश्न वेगळा. हा मुरूम माळ फोडूनच येतो. जे माळ आपल्या लहानपणी मेंढरांनी भरलेले असत त्यांच्या जागी आज खड्डे आहेत. मुरमाच्या चारशे ब्रासशेजारी चुन्याचे पाच-सहा ट्रक ठेवून बघा, मग चुना महाग की स्वस्त ते ठरवा.

इथे एक गोष्ट मला बोचते ती बोलून टाकतो. ‘शेतीतला कचरा’ हा शब्दप्रयोग मला मान्य नाही. कडबा कचरा नाही, तो जनावराचं पोट आहे. उसाचं पाचट कचरा नाही, ते रानात कुजलं तर जमिनीचा जीव वाढतो. काडीकचरा जाळून त्याची राख रस्त्यात घालण्याचे प्रस्ताव जेव्हा मी ऐकतो तेव्हा मला भीती वाटते, कारण आपल्या जमिनीतला सेंद्रिय कर्ब आधीच तळाला गेला आहे. बॉयलरमध्ये जळून गेलेल्याची राख, एवढीच माझी मर्यादा. त्यातही एखाद्या शेतकऱ्याला पालाशासाठी ती रानात हवी असेल तर पहिला हक्क त्याचा.

चुन्याविरुद्धचे आक्षेप मी हलके समजत नाही. सर्वांत गावरान आक्षेप आधी घेतो, कारण तो शहाणा आहे. शेतकरी म्हणतो, “आमच्या रानात चुनखडीच चुनखडी आहे, आणखी चुना कशाला?” चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ती पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, मातीचा सामू आठच्या आसपास ठेवते, पापुद्र्यांना काही करत नाही. तीच चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना होतो आणि पाणी घालून विरवली की कामाचा चुना. उघड्या पोत्यात पडून राहिला तर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तो पुन्हा चुनखडीकडेच जातो. रानातली चुनखडी आणि शिळा चुना दोन्ही आपल्याला सारखेच निरुपयोगी.

हे मी ठेच लागून शिकलो. काही वर्षांपूर्वी एका गावच्या पाणंदीवर चुन्याचं काम झालं, त्यात सल्ला माझा होता. पोती आधीच्या पावसाळ्यात कुणाच्या तरी गोठ्यात पडून होती. माती उन्हाची, ढेकळं नारळाएवढी. रोटाव्हेटर एकदा फिरवला, वरून पाणी शिंपडलं, त्याच संध्याकाळी रोलर. मी तिथे उभा असूनही थांबवलं नाही, कारण ट्रॅक्टर दुसऱ्या दिवशी मिळणार नव्हता. पहिल्याच पावसाळ्यात पाणंद आधीसारखी झाली. नंतर ढेकूळ फोडून मी त्यावर फिनॉल्फ्थॅलिन या रसायनाचे थेंब टाकले. चुना जिवंत असेल तिथे ते गडद गुलाबी होतं. ढेकळाच्या सालीवर फिकट गुलाबी कड आली, आत सगळं काळं. चुना मातीला भेटलाच नव्हता. तेव्हापासून मी म्हणतो, वापसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, आल्याशिवाय मातीला हात लावू नका, ढेकूळ सुपारीएवढं होईपर्यंत रोटाव्हेटर थांबवू नका, आणि पहिल्या मिसळणीनंतर निदान एक रात्र चुना मुरू द्या. राख घालायची तर त्यानंतरच्या मिसळणीत. मग दाब, आणि सात दिवस ओल.

म्हणून ‘प्रयोगशाळेत होतं, रानात होत नाही’ हा आक्षेप मला मान्य आहे. रानात ते आपोआप होत नाही, करावं लागतं. पण नांगर, रोटाव्हेटर, पाण्याचा टँकर, रोलर यातलं सोलापूरच्या तालुक्यात काय नाही? इथला शेतकरी वापसा हातात माती दाबून ओळखतो. इष्टतम आर्द्रता नावाची गोष्ट अभियंत्याने त्याच्याकडून शिकावी.

त्याहून गंभीर आक्षेप क्षारांचा आहे आणि तो चुन्याचे समर्थक दाबून ठेवतात. मातीत किंवा पाण्यात सल्फेट जास्त असेल तर चुना घातल्यावर एट्रिन्जाइट नावाचं खनिज तयार होतं आणि ते स्वतःच फुगतं. अमेरिकेत लास वेगासच्या स्टुअर्ट अव्हेन्यू या रस्त्यावर चुन्याने सुधारलेली माती अशीच वर उचलली गेली. १९८८ मध्ये हंटर या अभियंत्याने त्याची कारणमीमांसा मांडली. आपल्याकडे कालव्याखालच्या आणि ऊसपट्ट्यातल्या खारवट, चोपण जमिनी, आणि बोअरचं मचूळ पाणी, हे सगळं तपासल्याविना चुना टाकायचा नाही म्हणजे नाही. जिथे सल्फेट जास्त निघेल तिथे मी स्वतः मुरूम सुचवेन.

मजुरांच्या डोळ्यांचा आणि हातांचा प्रश्नही खरा आहे. कळीचा चुना पाण्याशी भेटला की उकळतो, डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा, हातमोजे, गमबूट यांचा खर्च अंदाजपत्रकात वेगळा दाखवा. वारा सुटलेला असताना पोती फोडू नका. शेजारच्या डाळिंबावर भुकटी बसली तर तो शेतकरी पुढचा रस्ता होऊ देणार नाही, आणि त्याचं बरोबर असेल. भट्टीचा कार्बन हाही खोटा मुद्दा नाही: शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली की चव्वेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, जळणाचा धूर वेगळा. राखेचं खरं मोल मला इथे दिसतं. चांगली राख जोडीला असेल तर तेवढ्याच ताकदीसाठी चुना कमी लागू शकतो. किती कमी, ते त्या मातीच्या आणि त्या राखेच्या चाचणीनेच ठरेल.

आता काँक्रीटवाल्यांना विचारतो: काँक्रीटची फळी जाड केली की तिच्याखालची जमीन फुगायची थांबते का? कडेची माती पाणी पिऊन उचलली जाते, मधली कोरडी राहते, आणि फळी लांबीने तडकते. गावोगावच्या गल्ल्यांत ही भेग बघायला मिळते. हा धडा आपल्याला आधीच मिळाला आहे. काळ्या मातीतल्या कालव्यांचं अस्तर उखडत होतं तेव्हा आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी काँक्रीट जाड करायला सांगितलं नाही. न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर मध्ये घाला म्हणाले, आणि कर्नाटकातल्या मलप्रभा कालव्यावर तो उपाय उतरला. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने याच मातीसाठी खाली फुगीर बुंध्याचे अंडर-रीम्ड पाइल विकसित केले, ओल जिथे बदलत नाही त्या खोलीत पाय रोवणारे. दोन्ही वेळा उत्तर मातीकडे बघून मिळालं.

आणि भ्रष्टाचाराचं काय? तो आहे, मी नाकारत नाही. पण प्रामाणिक ठेकेदाराने पुऱ्या जाडीचं डांबर टाकलं तरी खाली सीबीआर, म्हणजे मातीची भार पेलण्याची ताकद दाखवणारा आकडा, २ असलेली माती असेल तर रस्ता जाणारच. ग्रामीण रस्त्यांच्या वर्गवारीत २ म्हणजे सर्वांत खालची पायरी. हा आकडा नमुना चार दिवस पाण्यात बुडवून काढायचा असतो. मे महिन्यातल्या दगडासारख्या कोरड्या मातीवर पहार आपटून ‘जमीन टणक आहे’ म्हणणं ही स्वतःची फसवणूक. उलट चोरी पकडायचीच असेल तर तपासणीइतकं हत्यार दुसरं नाही. पोत्यांच्या पावत्या खोट्या करता येतात. रस्त्यात एक फूट खड्डा घेऊन त्याच्या भिंतीवर फिनॉल्फ्थॅलिन फवारलं तर गुलाबी रंग किती खोल गेला हे ग्रामसभेतला कुणीही बघू शकतो. चुना पडला की नाही, मिसळला की नाही, सगळं तिथे भिंतीवर.

सुरुवात मोठ्या महामार्गांवर नको, पाणंदींवर करावी. मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजनेतून पाणंदींची कामं झालेली आहेतच. तिथे गाड्या कमी, चूक झाली तर दुरुस्तीही हाताच्या अंतरावर. आधी दोन्ही बाजूंच्या चऱ्या खोदा. पाणी कडेला तुंबणार असेल तर चुना आणू नका, ते पैसे चरीत घाला. मग दर अर्ध्या किलोमीटरला मातीचा नमुना, सल्फेटची तपासणी, चुन्याचं प्रमाण सामूवरून. राख मिळत असेल तर एक तुकडा नुसत्या चुन्याचा, एक चुना-राखेचा, एक नेहमीच्या मुरमाचा, तिन्ही एकाच पाणंदीवर लागोपाठ. तीन पावसाळे जाऊ द्या. दर दसऱ्याला तिन्हींवरून उसाची भरलेली ट्रॉली नेऊन चाकोरीची खोली मोजा आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा.

कारखान्यांचे बॉयलर यंदाही पेटतील. राखेचा नमुना पहिल्या आठवड्यात घ्या, मग जानेवारीत, मग हंगाम संपताना. तीन पिशव्या, तिन्हींवर तारीख. आणि मातीची एक चौथी पिशवी, ज्या रस्त्यावरून आपण भांडतो आहोत त्याच्याच पोटातली.